गाडीवाल्या काकूंचं कोकण

समुद्रावर जाताना गाडीवाल्या काकूंनी जवळचा रस्ता कधी म्हणून घेतला नाही. आमच्या फुलपाड्याहून समुद्र तसा जवळच. स्टेशनच्या पलीकडे गेलं की आगाशी आणि आगाशीच्या पुढे अर्नाळा. पण काकूंची गाडी सोसायटीच्या फाटकातून निघायची ती बरोब्बर उलट्या दिशेला, पूर्वेला. विरार फाट्याला हायवे गाठायचा, तुंगारेश्वरच्या जंगलाच्या कडेकडेनं दक्षिणेला यायचं, सातिवलीची खिंड उतरायची, गोखिवऱ्यावरून येऊन पुलावरून रेल्वेचे रूळ ओलांडायचे, मग पापडी, निर्मळ करत केळीच्या वाड्यांमधून, एका पांढऱ्या चर्चवरून कळंबच्या सुरूच्या बनात शिरायचं, आणि तिथं एकदाचा समुद्र. एवढा द्राविडी प्राणायाम दर रविवारी. मी लग्न होऊन गिरगावातून फुलपाड्यात आले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि सुरुवातीला मला वाटायचं, या बाईंना रस्ता माहीत नसावा आणि विचारायची लाज वाटत असावी.

लाज वगैरे वाटणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. माहेर कराडकडचं, बोलणं सडेतोड, आवाज टेलिफोन खात्यात जन्म काढल्यामुळे खणखणीत. गाडी शिकल्या त्या निवृत्त झाल्यावर. ड्रायव्हिंग स्कूलमधला मुलगा त्यांना 'आजी' म्हणाला तेव्हा त्याला त्यांनी बजावलं होतं की क्लच सोडायचा कसा तेवढं सांग, नातं मी ठरवीन. नंतर एक जुनी, सायीच्या रंगाची गाडी घेतली. तिचा गिअर स्टिअरिंगपाशी होता आणि उजवीकडचं मागचं दार आतून उघडत नसे. सीटवर उशी ठेवून, साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून त्या बसायच्या आणि प्रत्येक वळणावर, समोर चिटपाखरू नसलं तरी, हॉर्न वाजवायच्या. सोसायटीत सात-आठ कुलकर्णी-पाटील-सावंत असतील, पण 'गाडीवाल्या काकू' म्हटलं की पोस्टमनसुद्धा थेट आमच्या मजल्यावर यायचा. त्यांचं दार आमच्या दारासमोरच होतं.

एक गोष्ट मात्र त्या शेवटपर्यंत शिकल्या नाहीत. त्यांना गाडी मागे घेता येत नसे. गल्लीत समोरून टेम्पो आला तर त्या शांतपणे इंजिन बंद करून बसायच्या. टेम्पोवाला हातवारे करून दमला की खाली उतरायचा आणि स्वतःचाच टेम्पो मागे घ्यायचा. "मागं बघितलं की मला पुढचं काही सुचत नाही," असं त्यांचं म्हणणं. गाडी कुठं लावायची, कुठून वळवायची हे सगळं त्या आधीच ठरवून ठेवायच्या, आणि कळंबची जागा त्यांना पसंत पडण्याचं एक कारण असं होतं की तिथं सुरूच्या झाडांना वळसा घालून गाडी पुढच्या पुढे फिरवता येत होती.

खरं कारण होते काका. गोदीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, वेंगुर्ल्याकडचा, गोरापान, मऊ बोलणारा माणूस. निवृत्तीनंतर गावाला जाऊन राहायचं त्यांच्या मनात होतं. काकूंची नोकरी तेव्हा बाकी होती, आणि गावच्या घरात पुतण्यांचे संसार वाढलेले होते. त्यामुळे ते आज-उद्यावर गेलं आणि काकांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आपण फुलपाड्यात राहतो हेच ते विसरले. राहिलं एवढंच की गावाला जायचंय. सकाळी उठले की पिशवीत टॉवेल घालून ते दारात उभे राहायचे. अडवलं की जेवायचे नाहीत. आणि डोळा चुकला की निघून जायचे. एकदा पापडखिंडीच्या धरणावर सापडले, एकदा हायवेवर, ट्रकच्या रांगेत, एसटीला हात करत. त्या दिवशी त्यांना घेऊन आल्यावर काकू जिन्यात बसल्या होत्या. मी पाणी नेलं तर म्हणाल्या, "आज सापडले. एक दिवस सापडायचे नाहीत."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

खऱ्या गावाला न्यायचं तर रात्रभराचा प्रवास, आणि डॉक्टरांनी तो साफ नको सांगितलेला. शिवाय नेलं तरी दुसऱ्या दिवशी ते विसरणार आणि पिशवी घेऊन पुन्हा दारात उभे राहणार. तेव्हा काकूंनी विचार केला, समुद्र तो समुद्र. पहिल्यांदा त्या सरळ अर्नाळ्याला घेऊन गेल्या. काका गाडीतून उतरेचनात. समुद्राकडे बघून त्यांनी फक्त विचारलं, "घाट खंय गेलो?" घाट लागला नाही तर गाव कसं येईल, असा त्यांचा साधा प्रश्न होता, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. काकू तशाच परत आल्या. मग आठवडाभर स्कूटरवाल्या एका भाच्याला घेऊन त्यांनी सगळा मुलूख पालथा घातला आणि फुलपाड्याहून कोकणात जाणारा रस्ता शोधून काढला. आधी जंगल, मग घाट, मग पूल, मग वाड्या, आणि शेवटी समुद्र. सगळं जागच्या जागी.

रस्ता सापडला तरी नुसत्या रस्त्यानं भागत नव्हतं. गावाला जायचं तर सामान हवं. म्हणून टपावर एक रिकामी ट्रंक बांधायची. गावाला रिकाम्या हातांनी जात नाहीत, म्हणून खारी आणि बटरचे पुडे घ्यायचे. हायवेवरच्या हॉटेलात थांबून काकांना भजी आणि बशीत चहा द्यायचा, कारण एसटी तशीच थांबायची. मागच्या सीटवर काकांजवळ बसायला एक माणूस लागायचं, तर ते काम माझ्याकडे आलं. मला रविवारची सुट्टी असायची, आणि खरं सांगायचं तर काकूंना नाही म्हणण्याचं धाडस आमच्या मजल्यावर कुणातच नव्हतं.

सातिवलीच्या खिंडीत रस्त्याच्या कडेला, एका झाडाखाली, एक दगड होता. नुसता दगड. काकूंनी त्याला शेंदूर लावला. कोकणातल्या घाटात गाड्या देवापाशी थांबतात, तशा आम्ही तिथं थांबायचो, काकू नारळ फोडायच्या आणि काका गाडीतूनच हात जोडायचे. हे दर रविवारी चाललेलं सातिवलीच्या कारखान्यांच्या गाळ्यांमधले कामगार बघत होते. काही महिन्यांनी गेलो तर दगडावर हार. मग कुणी तरी वर पत्रा घातला, घंटा टांगली. पुढे पुढे माल भरून निघालेले टेम्पो तिथं थांबायला लागले. एका ड्रायव्हरनं तर काकूंनाच ऐकवलं, मावशी, हा गाडीवाला देव आहे, फार कडक, न थांबता गेलं की टायर बसतो. काकूंनी गंभीरपणे मान हलवली आणि नारळाचा प्रसाद त्याच्या हातावर ठेवला. गाडीत बसल्यावर मला म्हणाल्या, "बघितलंस? आता मलाही थांबावंच लागणार."

बाबल्या भेटला तोही असाच. एका रविवारी निर्मळच्या पुढे गाडी तापली. बाजूच्या केळीच्या वाडीत एक म्हातारा पाटाचं पाणी वळवत होता, उघडा, कमरेला पंचा, डोक्याला रुमाल. काकू त्याच्याकडे पाणी मागायला गेल्या तर त्यांच्या मागून काका धावत आले आणि त्यांनी त्या अनोळखी माणसाला मिठीच मारली. "बाबल्या! किती बारीक झालंस रे!" बाबल्या हा त्यांचा चुलतभाऊ, जाऊन वर्षं झालेली. म्हाताऱ्यानं काकांच्या खांद्यावरून काकूंकडे पाहिलं. काकूंनी हात जोडले. तो काकांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "वय झाला रे. बस, पानी पी. लांबून आलास."

त्या दिवसापासून तो बाबल्या झाला. खारीचा पुडा त्याच्या घरी जायचा आणि बदल्यात केळी आणि उन्हात वाळवलेली सुकेळी गाडीत पडायची. दोघे बाजेवर बसून मेलेल्या माणसांची चौकशी करायचे. काका कुणाचं तरी नाव घेऊन विचारायचे आणि म्हातारा बिनधास्त सांगून टाकायचा की बरा आहे, पोरीचं लग्न ठरलं. मी एकदा त्याला म्हटलं की तुम्हाला हे सगळं करायला लागतं, त्रास होत असेल. तो म्हणाला, "मना पन कोन इचारतो आता? त्यो इचारतो." वसई म्हणजे पहिल्यापासून बेटच, असंही तो सांगायचा. चारी बाजूंनी खाड्या आणि समुद्र, त्याच्या आज्याच्या काळी पलीकडे जायला होडी लागायची. इथं येणारा प्रत्येक जण लांबूनच आलेला, त्यामुळे काकांना लांबून आलास म्हणण्यात त्याला खोटं काही वाटत नव्हतं.

मला मात्र वाटायचं. मी तेव्हा तरुण होते आणि खरं-खोटं याबद्दल माझी मतं फार पक्की होती. एका रविवारी काका बनात वाळूवर बसले होते, समाधानानं समुद्राकडे बघत, आणि मी काकूंना विचारलं की ही फसवणूक नाही का. त्या रागावल्या नाहीत. बूट काढून वाळू झटकत म्हणाल्या, "अगं, त्यांना गावाला जायचं असतं. जायचं असतं, एवढंच. मी जायची सोय केली." मग बूट पुन्हा घालत म्हणाल्या, "आणि फसवते तर फसवते. रात्री पोटभर जेवतात."

परत येताना त्या जवळच्या रस्त्यानं यायच्या. काकांना तोवर झोप लागलेली असायची. जागे व्हायचे ते फुलपाड्यात, आणि मग गावाहून आलेल्या माणसाच्या थाटात दारोदार जाऊन सुकेळी वाटायचे. "गावचो खाऊ." आमच्या सोसायटीत भांडणं काही कमी नव्हती. पाण्यावरून, पार्किंगवरून, कशावरूनही व्हायची. पण ही सुकेळी वसईची आहेत असं कुणीही, अगदी भांडणाच्या भरातही, काकांना कधी म्हणालं नाही. उलट सगळे विचारायचे, काय म्हणतंय गाव? काका पुढचे दोन-तीन दिवस शांत असायचे. बुधवार-गुरुवारपासून पुन्हा पिशवी हातात घ्यायचे, आणि काकू सांगायच्या की रविवारी तिकिटं काढली आहेत.

काका-काकूंची एक जुनी गंमत होती. काका त्यांना 'घाटीण' म्हणायचे. लग्न होऊन त्या गावी गेल्या तेव्हा सासरच्या बायकांनी त्यांच्या बोलण्याची टर उडवली होती, आणि काकूंनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं की या लोकांची भाषा आपल्या तोंडून कधी निघणार नाही. ते व्रत त्यांनी कडक पाळलं. सगळं समजायचं, पण एक शब्द बोलायच्या नाहीत. गाडीत काका खिंड उतरल्यापासून विचारायला लागायचे, "गाव इलो काय गो?" दर वळणाला विचारायचे. काकू हॉर्न वाजवत स्वच्छ कराडी मराठीत सांगायच्या, "येईल की. दम धरा जरा." आणि सुरूचं बन आलं की गाडी थांबवून, मागचं दार उघडून त्यांच्या कानाशी वाकायच्या, "आलं बघा."

त्यांचा मुलगा नंदू बेंगलोरला असायचा. तो एकदा सुट्टीवर आला, रविवारी आमच्याबरोबर कळंबला आला, आणि परतल्यावर घरात मोठं बोलणं झालं. आमच्या दारापर्यंत ऐकू येत होतं. आईनं बाबांचं हे काय नाटक करून ठेवलंय, असं त्याचं म्हणणं. मुलगा वाईट नव्हता, बापाची माया होती म्हणूनच चिडला होता. वडिलांना शेवटचं तरी खरं गाव दिसलं पाहिजे, असा हट्ट धरून त्यानं मोठी गाडी ठरवली, वाटेत दोन मुक्काम ठेवले, डॉक्टरांनाही पटवलं. काकूंनी बॅगा भरल्या. निघताना पार कोमेजल्या होत्या. गाडीवर त्यांचा इतक्या दिवसांचा हक्क, आणि आज त्या मागं बसल्या होत्या.

आठवड्यानं परत आल्या त्या सरळ माझ्या दारात आल्या, हातात पिशव्या तशाच. म्हणाल्या, "ऐक." पुतण्यांनी म्हणे फार चांगलं केलं. तांदळाची भाकरी, माशांचं कालवण, सगळं काकांच्या आवडीचं. काका ओटीवर बसून गप्प. संध्याकाळी नंदू त्यांना समुद्रावर घेऊन गेला. जिथं ते लहानपणी पोहायला शिकले तोच समुद्र, तीच वाळू. काकांनी बराच वेळ बघितलं आणि मग ते काकूंकडे वळले. काकूंनी त्यांचे शब्द मला जसेच्या तसे सांगितले, फक्त मालवणी टाळून. गाव चांगलं आहे, पण आपलं नव्हे. आपल्या गावाला जाताना आधी खिंड लागते, मग केळींच्या वाड्या, बाबल्याचं घर, पांढरं चर्च, आणि मग सुरूचं बन. इथं काहीच लागलं नाही. चल आता, आपल्याला गावाला जायचंय.

"नंदू माझ्याकडे बघतोय आणि मी नंदूकडे," काकू म्हणाल्या. "मी यांचं गाव यांना दिलं का काढून घेतलं, तेच मला कळेना." एवढं म्हणून त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता दाराला टेकून रडल्या. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं. पुढच्या रविवारी ट्रंक टपावर चढली आणि बाबल्याला दोन पुडे जास्त गेले, कारण मधला एक रविवार चुकला होता.

त्यानंतर काकांनी जवळजवळ दोन वर्षं काढली. शेवटी शेवटी ते विचारायचंही थांबले होते. खिंडीत हात जोडायचे, वाडीशी गाडी थांबली की उतरायची खटपट करायचे, एवढंच. त्यांच्याऐवजी मग काकूच विचारायच्या, आता काय येणार सांगा बघू, आणि स्वतःच उत्तर द्यायच्या. एका हिवाळ्यात, घरीच, झोपेत ते गेले.

अस्थी कुठं न्यायच्या यावर घरात पुन्हा बोलणं झालं. घराण्यातल्या सगळ्यांच्या गावच्या समुद्रात गेलेल्या, पुतण्यांचाही निरोप आला होता. काकू म्हणाल्या, "नंदू, ते स्वतः सांगून गेलेत तुझ्यासमोर. ते गाव त्यांचं नव्हे." नंदू उठला आणि टपावर ट्रंक बांधायला लागला.

मी नेहमीच्या जागी, मागे. काकांच्या जागी कलश, माझ्या हाताखाली. काकू नेहमीच्या वेगानं, वळणावळणाला हॉर्न वाजवत, जंगलाच्या कडेनं निघाल्या. नंदू त्यांच्या शेजारी बसला होता. हॉटेलात थांबलो, बशीत चहा ओतला आणि निवेपर्यंत ठेवला. खिंडीत पत्र्याच्या शेडपाशी दोन टेम्पो उभे होते. त्या लोकांनी काकूंना ओळखून वाट करून दिली. काकूंनी नारळ फोडला.

वाडीशी बाबल्या रस्त्यावरच उभा होता. त्याला कुणी कळवलं होतं कोण जाणे. हातात पाण्याचा तांब्या. त्यानं मागचं दार उघडलं, ते आतून न उघडणारं दार, आणि कलशाकडे बघून नेहमीसारखंच म्हणाला, "पानी पी. लांबून आलास." चार थेंब कलशावर शिंपडून त्यानं दार हळूच लावलं. काकूंनी खारीचा पुडा त्याच्या हातात दिला. नंदूनं मान फिरवली होती.

बनात काकूंनी गाडी थांबवली, बूट काढून सीटखाली ठेवले आणि कलश माझ्याकडून घेतला. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. त्या ओल्या वाळूवरून चालत गेल्या. नंदू आणि मी मागोमाग. गुडघाभर पाण्यात त्या थांबल्या. नंदू पुढे झाला, पण त्यांनी त्याला हातानंच थांब म्हटलं. मग कलशावरचं फडकं सोडून त्या किंचित वाकल्या, गाडीच्या दारातून काकांच्या कानाशी वाकायच्या तशाच, आणि उभ्या जन्मात जी भाषा तोंडातून काढली नव्हती त्या भाषेत, अगदी हळू म्हणाल्या,

"गाव इलो हो."